सिम्युलेशनमध्ये ९३ टक्के, खऱ्या फोनवर निम्मेही नाहीत

आदरणीय मॅडम, नमस्कार.

पीएचडीचं माझं दुसरं वर्ष संपत आलं आहे. विषय असा : मोठ्या आपत्तीत मोबाइलचे टॉवर बंद पडले, तर लोकांच्या हातातल्या फोननीच एकमेकांमार्फत निरोप पुढे पोचवायचे. कोणता निरोप कुणाकडे सोपवायचा हे ठरवणारा एक प्रोटोकॉल मी तयार केला. संगणकावरच्या ५० नोडच्या (म्हणजे ५० काल्पनिक फोनच्या) सिम्युलेशनमध्ये ९३ टक्के निरोप पोचतात, जुन्या पद्धतींपेक्षा बरेच जास्त. मग मी सहा अँड्रॉइड फोन सहा जणांकडे दिले आणि त्यांना एका इमारतीत दोन तास हिंडायला सांगितलं. दुर्दैवाने निम्मेही निरोप पोचले नाहीत. शिवाय नमुना म्हणून हरवलेल्या व्यक्तींची एक यादी फोनवर ठेवली होती. तिच्यात एकाच व्यक्तीची स्थिती वेगवेगळ्या फोनवर वेगवेगळी दिसू लागली.

गाईड म्हणतात, फोनचा भाग वगळ, सिम्युलेशनवर पेपर होतो. प्रयोगशाळेतला मित्र म्हणतो, हा विषयच शिळा झालाय, वेळ आहे तोवर एआयकडे वळ. मी रात्र रात्र जागून पेपर वाचते आणि सकाळी काही आठवत नाही. पेपर पाठवू का? विषय बदलू का? की मुळात या कामाचा माझा वकूबच नाही?

– एक संशोधक विद्यार्थिनी

नमस्कार.

तुमचं पत्र वाचताना मी 'दुर्दैवाने' या शब्दापाशी थांबले. सिम्युलेशनने तुम्हांला जे सांगितलं, ते बरंचसं तुम्हीच आधी त्यात भरून ठेवलेलं होतं. सहा फोननी मात्र तुम्हांला ठाऊक नसलेलं काहीतरी सांगितलं. दोन वर्षांत हाती लागलेली ही खरी नवी गोष्ट, आणि तीच वगळून पेपर पाठवू का, असं तुम्ही विचारताय. नका पाठवू. तुमच्या गाईडच्या म्हणण्यातही तथ्य आहे, त्याकडे पुढे येते. आधी ते निरोप गेले कुठे, ते बघू.

तुमच्या हातात 'निम्म्याहून कमी' एवढा एकच आकडा आहे. त्यातून काहीही कळत नाही. प्रत्येक हरवलेल्या निरोपाचा माग काढावा लागेल. निरोप ज्याच्याकडे होता तो माणूस पुढच्या माणसाच्या जवळ गेलाच नाही, ही एक शक्यता. जवळ गेला, पण फोनला फोन दिसलाच नाही, ही दुसरी. दिसला, जोडणीही झाली, पण निरोप पुरा जाण्याआधी माणसं पांगली, ही तिसरी. आणि निरोप नीट पोचला, पण तुमच्याच प्रोग्रॅमने बफर (निरोप साठवायची जागा) भरला म्हणून किंवा जुना समजून तो टाकून दिला, ही चौथी. या चारांपैकी फक्त पहिली आणि चौथी तुमच्या प्रोटोकॉलच्या हातात आहे. माझा अंदाज आहे की तुमचे बहुतेक निरोप दुसऱ्या प्रकारात मेले असतील.

असं का म्हणते, ते सांगते. तुमच्या सिम्युलेशनमध्ये प्रत्येक नोड बहुधा दर सेकंदाला 'मी इथे आहे' असं ओरडत असेल, आणि टप्प्यात असलेला प्रत्येक नोड ते ऐकत असेल. खरा अँड्रॉइड फोन तसं करू देत नाही. अँड्रॉइड ९ पासून समोर उघडं असलेलं ॲपसुद्धा दोन मिनिटांत चारच वेळा वाय-फाय स्कॅन करू शकतं, म्हणजे आसपास कोण आहे ते धुंडाळू शकतं. मागे चालणाऱ्या ॲपना तर सगळ्यांना मिळून अर्ध्या तासात एक स्कॅन. अँड्रॉइड ८.१ पासून स्क्रीन बंद झाली की फिल्टर न लावलेलं ब्लूटूथ स्कॅनही थांबवलं जातं. त्याआधी, २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ बरोबर डोझ आलं. फोन बराच वेळ स्क्रीन बंद ठेवून न हलता पडला, की ॲपचं नेटवर्क आणि वाय-फाय स्कॅन दोन्ही गोठतात. हे सगळं बॅटरी वाचवण्यासाठी आहे आणि त्यात काही गैर नाही. पण तुमच्या सहा जणांनी फोन खिशात टाकले असतील, तर दोन माणसं जिन्यात एकमेकांना ओलांडून गेली आणि दोघांच्याही फोनला त्याचा पत्ता लागला नाही, असं सहज घडलं असेल. मग तुमच्या प्रोटोकॉलने निरोप कुणाला द्यायचा हे कितीही हुशारीने ठरवलं तरी काय उपयोग? त्याला निवड करायची संधीच मिळाली नाही.

आता खिसा. वाय-फाय आणि ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं, आणि माणसाचं शरीर बहुतांशी पाणीच आहे. फोन मागच्या खिशात आणि समोरचा माणूस पुढे, एवढ्याने टप्पा लक्षणीय घटतो. शिवाय हा अडथळा दोन्ही दिशांनी सारखाच असेल असंही नाही, कारण दोन्ही फोनचे अँटेना आणि ताकद वेगळी असते.

अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजमधल्या डेव्हिड कॉट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. वायरलेसवरच्या सिम्युलेशनमध्ये लोक न बोलता काय काय गृहीत धरतात, ते त्यांनी सहा वाक्यांत मांडलं : जग सपाट आहे. रेडिओचा टप्पा गोल आहे. सगळ्या रेडिओंचा टप्पा सारखा आहे. मला तुझं ऐकू येतं, म्हणजे तुला माझं ऐकू येतं. ऐकू येतं म्हणजे पूर्ण स्पष्ट ऐकू येतं. सिग्नलची ताकद ही फक्त अंतरावर ठरते. मग त्यांनी माणसांना लॅपटॉप घेऊन मैदानात चालायला लावलं आणि मोजमापांनी दाखवून दिलं की ही गृहीतकं किती कच्ची आहेत. ही सहा वाक्यं एका कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर तुमच्या सिम्युलेटरमधली नेमकी सेटिंग लिहा. तास-दीड तासाचं काम आहे, पण तुमच्या ९३ मधले किती टक्के तुमच्या प्रोटोकॉलचे आणि किती त्या गोल वर्तुळाचे, हे त्या कागदावरून दिसू लागेल.

नोड कसे हिंडतात, हेही तपासा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक जण रँडम वेपॉइंट वापरतात : नोडने कुठलंही एक ठिकाण निवडायचं, कुठलाही एक वेग निवडायचा, तिथे जायचं, थांबायचं, पुन्हा निवडायचं. दिसायला निरुपद्रवी. पण ज्या नोडने योगायोगाने अगदी कमी वेग निवडला, तो त्या एका प्रवासात खूप वेळ अडकून राहतो. वेळ जाईल तसे असे रखडलेले नोड वाढत जातात, आणि किमान वेग शून्य ठेवला असेल तर सगळ्या नेटवर्कचा सरासरी वेग घटत घटत शून्याकडे जातो. यून, लिउ आणि नोबल यांनी २००३ मध्ये हे सिद्ध केलं. म्हणजे सिम्युलेशन जितका वेळ चालवाल तितकं नेटवर्क शांत होत जाईल, आणि तुमचा आकडा प्रोटोकॉलमुळे नव्हे, त्यामुळेच बदलत जाईल.

माझ्या स्वतःच्या तिसऱ्या वर्षी हेच घडलं. माझा एक आलेख होता, वेळेबरोबर सुंदर वर चढणारा, आणि मी त्याला 'प्रोटोकॉल शिकतोय' असं नाव दिलं होतं. एका परिषदेत एका ज्येष्ठ बाईंनी किमान वेग विचारला. मी परत आले, किमान वेग सेकंदाला १ मीटर केला, सुरुवातीचा भाग कापला, आणि तो चढ सपाट झाला. चार महिन्यांचं काम गेलं. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. पण त्यानंतर 'हा आकडा आला कुठून' हा प्रश्न मी स्वतःला विचारल्याशिवाय एकही आलेख बाहेर पाठवलेला नाही, आणि तुम्हांला इतक्या अधिकाराने हे लिहिते आहे ते त्या दोन दिवसांमुळेच.

हा काही आपल्या दोघींचाच अनुभव नाही. कुर्कोव्स्की, कॅम्प आणि कोलाग्रोसो यांनी २००० ते २००५ मधले मोबिहॉक परिषदेचे १५१ पेपर तपासले. त्यातल्या ११४ पेपरांत सिम्युलेशन होतं. दुसऱ्या कुणाला तोच प्रयोग पुन्हा करून बघता येईल इतकी माहिती देणारे पेपर १५ टक्क्यांहूनही कमी निघाले. त्यामुळे तुमचा पेपर फोनशिवाय स्वीकारला जाईलही. गाईडचं तेवढं बरोबर आहे.

नेटवर्किंगमध्ये ज्या कामांनी खरोखर दिशा बदलली, त्यातली बरीचशी 'हे का बंद पडलं' या प्रश्नातून सुरू झालेली आहेत. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला डेटाचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. अंतर किती, तर ४०० यार्ड. व्हॅन जेकबसन यांनी नवा प्रोटोकॉल काढण्याआधी, आहे तो इतका का कोसळला, हे पॅकेटनिहाय, म्हणजे डेटाचा एकेक तुकडा घेऊन बघितलं. पॅकेट हरवलं की सगळे संगणक तेच पुन्हा पाठवत होते, त्याने गर्दी आणखी वाढत होती, आणखी हरवत होतं. यातून त्यांचा १९८८ चा पेपर आला : पॅकेट हरवणं ही गर्दीची खूण समजा आणि मागे सरा. इंटरनेट त्यावर तरलं.

मग वायरलेस आलं आणि तेच सत्य नडू लागलं. हवेत पॅकेट हरवतं ते अनेकदा गर्दीमुळे नव्हे, मध्ये भिंत आली म्हणून. पाठवणारा मात्र गर्दी समजून वेग निम्मा करतो, मोकळ्या रस्त्यावर उगाच ब्रेक लावतो. १९९५ मध्ये बर्कलीतच हरी बालकृष्णन आणि सहकाऱ्यांनी त्यावर स्नूप नावाचा उपाय मांडला. फोनशी हवेतून बोलणाऱ्या बेस स्टेशनने पॅकेटांची एक प्रत जवळ ठेवायची, हवेत हरवलेलं तिथूनच पुन्हा द्यायचं आणि मूळ पाठवणाऱ्याला त्याची झळ लागू द्यायची नाही. पुढे बफर इतके मोठे झाले की पॅकेट हरवेना, नुसतं रांगेत तुंबू लागलं, आणि गर्दीची खूण फार उशिरा मिळू लागली. त्यावरची झटापट आजही चालू आहे. एका काळी खरं असलेलं गृहीतक पुढच्या काळात कुठे फाटतं, ते आधी दिसणं हेच या क्षेत्रातलं कौशल्य आहे. तुमच्या सहा फोननी असंच एक फाटलेलं गृहीतक तुमच्यासमोर ठेवलंय : दोन फोन जवळ आले म्हणजे ते भेटले.

आता त्या यादीकडे येते. पत्रात तुम्ही ती 'शिवाय' म्हणून एका वाक्यात उरकली आहे, पण मला विचाराल तर तुमच्या प्रबंधाचा गाभा तिथे असू शकतो.

एका फोनवर 'सापडली, सुखरूप' आणि दुसऱ्यावर 'शोध चालू' असं का दिसलं? तुमचे फोन एकमेकांपासून तुटलेले असताना दोघांनी एकाच नोंदीवर लिहिलं. नेटवर्क तुटलेलं असताना एक तर लिहू द्यायचं नाही, किंवा लिहू द्यायचं आणि काही काळ दोन सत्यं सहन करायची. तिसरा मार्ग नाही. एरिक ब्रूअर यांनी २००० मध्ये हे मांडलं आणि गिल्बर्ट व लिंच यांनी २००२ मध्ये त्याची सिद्धता दिली. आपत्तीत लिहू न देणं शक्यच नाही, म्हणजे दोन सत्यं येणारच. याला चूक म्हणू नका. तो एक निर्णय आहे आणि तुम्ही तो अजून घेतलेला नाही. तुम्ही घेतला नाही म्हणून तुमच्या प्रोग्रॅमने तो परस्पर घेतला.

बहुधा असा घेतला असेल : ज्या नोंदीची वेळ नंतरची, ती खरी. हा नियम लिहायला एक ओळ लागते, म्हणून सगळीकडे सापडतो, आणि तुमच्या यादीसाठी तो धोकादायक आहे. एका फोनचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे असं समजा. त्या फोनवर कुणीतरी 'शोध चालू' लिहिलं. पाच मिनिटांनी दुसऱ्या फोनवर कुणीतरी 'सापडली, सुखरूप' लिहिलं. दोन्ही फोन भेटले, की घड्याळाच्या हिशेबाने 'शोध चालू' नंतरचं ठरतं आणि सुखरूप असल्याची बातमी पुसली जाते. कुठलीही खूण न ठेवता. टॉवर बंद असताना घड्याळ जुळवून घेणंही अवघड होतं.

लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच दाखवलं की वितरित, म्हणजे अनेक यंत्रांत विभागलेल्या व्यवस्थेत 'आधी' आणि 'नंतर' हे घड्याळावर सोडायचं कारण नाही. माझ्या नोंदीमुळे तुमची नोंद झाली असेल, तर माझी आधीची. तसा काही संबंधच नसेल, तर दोन्ही एकाच वेळच्या समजायच्या. १९८३ मध्ये आलेले व्हर्जन व्हेक्टर याच विचाराचं कामाचं हत्यार आहेत. प्रत्येक नोंदीबरोबर, कोणत्या फोनवर तिच्यात कितवा बदल झाला, याचे छोटे आकडे फिरतात. एक नोंद दुसरीला बघून लिहिलेली असेल तर ते आकड्यांवरून कळतं, आणि दोघी एकमेकींच्या नकळत लिहिलेल्या असतील तर तेही कळतं. सहा फोनसाठी सहा आकडे. तुमच्या निरोपात ते सहज मावतील.

पण दोन नोंदींची टक्कर कळणं वेगळं आणि मिटवणं वेगळं. झेरॉक्स पार्कमधल्या बायू या प्रकल्पाने १९९५ मध्ये ठामपणे सांगितलं की टक्कर कशी मिटवायची हे डेटा साठवणाऱ्या खालच्या थराला कळूच शकत नाही, ते ॲपने सांगायला हवं. त्यांचं उदाहरण बैठकीच्या खोलीच्या नोंदणीचं होतं. एकाच वेळी दोघांनी खोली घेतली, तर प्रत्येक नोंदणीबरोबरच 'ही वेळ गेली असेल तर ती बघ' असा पर्याय लिहिलेला असायचा. ॲमेझॉनच्या डायनामो या साठवण व्यवस्थेवर २००७ मध्ये पेपर आला, त्यात खरेदीच्या टोपलीच्या दोन प्रती एकत्र करताना टाकलेली वस्तू कधीच हरवू द्यायची नाही असं ठरवलेलं दिसतं. त्याची किंमत म्हणजे काढून टाकलेली वस्तू कधीकधी परत उगवते. टोपलीसाठी ते चालतं. तुमच्या यादीसाठी? मी तरी तिथे काहीच पुसू देणार नाही. 'स्थिती' नावाचा एक रकाना ठेवून त्याच्यावर लिहीत बसण्याऐवजी, कुणी, कुठे, काय पाहिलं, अशा साक्षी नुसत्या जमा होऊ द्या. साक्षींची बेरीज कोणत्याही क्रमाने केली तरी उत्तर एकच येतं, त्यामुळे फोन कसेही भेटले तरी शेवटी सगळ्यांकडे तीच यादी तयार होते. २०११ मध्ये मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी सीआरडीटी या नावाखाली याच गुणाची रीतसर मांडणी केली. आणि परस्परविरोधी साक्षी पडद्यावर दोन्ही दिसू द्या. ज्याचा माणूस हरवलाय त्याला 'सुखरूप' आणि 'शोध चालू' दोन्ही दिसले, तर तो चौकशी करेल. मशीनने एक निवडून दिलं, तर करणार नाही.

विषय शिळा झालाय का, याचं सरळ उत्तर देते. फिरत्या नोडसाठी आणखी एक राउटिंग प्रोटोकॉल, हे खरंच शिळं आहे. डीएसडीव्ही १९९४ चा, एओडीव्ही १९९९ चा, आणि त्यांच्या पोटभेदांची तर मोजदाद नाही. तुमच्या मित्राच्या मनात तेच असेल तर तो चुकत नाहीये. पण तुटणं ही नेहमीची अवस्था समजून व्यवस्था बांधणं शिळं झालेलं नाही. २०२१ मध्ये प्रमाणित झालेल्या क्विक या इंटरनेट प्रोटोकॉलमध्ये जोडणीला स्वतःचा क्रमांक दिला, त्यामुळे फोन वाय-फायवरून मोबाइल डेटावर गेला आणि पत्ता बदलला तरी जोडणी टिकू शकते. पत्ता म्हणजेच ओळख, या जुन्या गृहीतकाला एका मोठ्या प्रमाणात लागू झालेल्या प्रोटोकॉलने सोडचिठ्ठी द्यायला इतका काळ गेला. ऊर्जेचंही तसंच. थ्रीजीवर २००९ मध्ये केलेल्या मोजमापात दिसलं की एखाद्या नेहमीच्या देवाणघेवाणीत जवळपास ६० टक्के ऊर्जा डेटा पाठवून झाल्यावर, रेडिओ नुसता जागा राहण्यात जाते. कुणीतरी मोजलं म्हणून ते कळलं.

सत्यनारायणन यांचं उदाहरण मला इथे फार मोलाचं वाटतं. कार्नेगी मेलनमध्ये १९८७ पासून त्यांनी कोडा ही फाइल व्यवस्था उभी केली. नेटवर्क गेलं तरी लॅपटॉपवर काम चालू राहावं, नंतर जुळवून घ्यावं, ही तिची कल्पना. सगळ्यांची पहिली शंका हीच होती की दोघं एकच फाइल बदलतील आणि गोंधळ होईल. त्यांनी वाद घातला नाही, मोजलं. आधीच्या फाइल व्यवस्थेतल्या वर्षभराच्या नोंदी बघितल्या, तर ९९ टक्क्यांहून अधिक बदल आधी ज्याने ती फाइल बदलली होती त्याच माणसाने केलेले होते. शंका खरी होती, पण क्वचित घडणारी होती, आणि त्या आकड्यावर त्यांनी सगळी रचना उभी केली. २००९ मध्ये त्यांनीच इतरांबरोबर क्लाउडलेटची कल्पना मांडली, फोनच्या जवळच एक छोटा सर्व्हर ठेवायची. मधल्या वर्षांत यंत्रं पार बदलली. हातातलं यंत्र दुबळं आहे आणि जोडणी भरवशाची नाही, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही.

म्हणून विषय सोडू नका, प्रश्न बदला. 'निरोप कुणाकडे सोपवावा' याऐवजी 'आजच्या फोनमध्ये दोन माणसांची भेट फोनला किती वेळा दिसते, आणि न दिसलेल्या भेटींसकट सगळ्यांकडे एकच यादी कशी पोचेल'. एआयकडे वळायचं असेल तर ओढ वाटते म्हणून वळा. घाबरून वळलात तर तिथेही दोन वर्षांनी असंच पत्र लिहाल.

गाईडशी बोलताना 'सिम्युलेशन चुकीचं आहे' असं म्हणू नका. त्यांना तुमचा कालावधी दिसतो, पहिला पेपर वेळेत बाहेर पडला नाही तर पुढे काय अडतं हेही त्यांनी पाहिलेलं आहे. त्यांच्यासमोर एकच पान ठेवा. त्यावर दोन आलेख : सिम्युलेशनमधल्या भेटी आणि फोनना दिसलेल्या भेटी. आणि सांगा की हाच पेपर आहे, आधी एखाद्या कार्यशाळेसाठी लहान. सिम्युलेशनचं कामही वाया जात नाही. स्कॅनची खरी मर्यादा त्यात भरली की ९३ कुठे उतरतो, हा त्याच पेपरातला तिसरा आलेख होईल. तुलनेसाठी वाहदात आणि बेकर यांची २००० ची साधी एपिडेमिक पद्धत नक्की ठेवा, भेटेल त्याला सगळं देऊन टाकायची. फोनवर ती तुमच्या प्रोटोकॉलच्या बरोबरीला आली, तर तसंच लिहा. आणि कोण कुणाला कधी भेटलं, या नोंदी म्हणजे माणसांचं खाजगी आयुष्य आहे. ज्यांच्या हाती फोन देणार त्यांची लेखी संमती आणि संस्थेची परवानगी प्रयोगाआधी घ्या.

रात्र रात्र वाचन थांबवा. एस. केशव यांनी २००७ मध्ये पेपर वाचण्याची तीन फेऱ्यांची रीत लिहून ठेवली आहे. पहिल्या फेरीत पाच-दहा मिनिटं : शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षकं, निष्कर्ष. दुसऱ्या फेरीत तासभर, आकृत्या बारकाईने आणि सिद्धता सोडून. तिसरीत तो पेपर आपणच लिहितोय असं समजून पुन्हा उभा करायचा, त्याला नवख्याला चार-पाच तास सहज लागतात. बहुतेक पेपर पहिल्या फेरीतच बाजूला ठेवण्याजोगे असतात. तुम्ही बहुधा सगळ्यांना दुसरी फेरी देताय, म्हणून कुणीच लक्षात राहत नाही. माझी भर एवढीच : प्रत्येक पेपरखाली एक ओळ लिहा, 'हे खरं ठरायला जगात काय खरं असावं लागेल?' ती ओळ लिहिता आली नाही तर तो पेपर वाचून झालेला नाही.

वकुबाचं विचारलंत. कुणी सांगितलेलं नसताना सहा फोन घेऊन माणसांना इमारतीत हिंडवणारी विद्यार्थिनी मला रोज भेटत नाही. यापुढे तो प्रश्न माझ्याकडे पाठवू नका.

पुढच्या आठवड्यात सहा फोन नकोत, दोन पुरेत. एका लांब मोकळ्या जागेत दोघींनी समोरासमोरून चालत यायचं, ओलांडून पुढे जायचं, परत फिरायचं. आधी दोन्ही फोन हातात, स्क्रीन चालू. मग एक खिशात. मग दोन्ही खिशात, स्क्रीन बंद. प्रत्येक प्रकार किमान वीस वेळा. फोनच्या घड्याळातली वेळ नोंदवू नका, फोन सुरू झाल्यापासून किती वेळ गेला ती नोंदवा, कारण ती मध्येच मागे-पुढे उडी मारत नाही. आणि सुरुवातीला दोन्ही फोनवर एकदम एक खूण करा, म्हणजे नंतर दोन्ही फोनचे लॉग (नोंदी) जुळवता येतील. निरोप पाठवूच नका, फक्त कोण कुणाला केव्हा दिसलं ते लिहा. दोन्ही लॉग शेजारी ठेवल्यावर पहिल्याला दुसरा दिसला पण दुसऱ्याला पहिला नाही, अशा जागा शोधा. त्या किती आहेत ते मला कळवा.